चौकटीच्या कागदावर घरातील सामान : पिक्सेल-चित्राचा एक पाठ

प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला सामान्यतः दोन प्रकार दृष्टीस पडतात. पहिला म्हणजे शिक्षकाने फळ्यावर काढलेले चित्र मुलांनी जसेच्या तसे वहीत उतरवून घेणे. आणि दुसरा म्हणजे ‘मनाला येईल ते काढा’ असे सांगून मुलांना मोकळे सोडणे. पहिल्या प्रकारात मुलाचा हात चालतो, परंतु डोळा चालत नाही. दुसऱ्या प्रकारात स्वातंत्र्य दिल्यासारखे वाटते खरे. तथापि दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी आणि काठावरचे नारळाचे झाड हेच चित्र वर्षानुवर्षे वर्गावर्गांतून निघत राहते. ज्या गावी नदी नाही आणि नारळही नाही, तेथील मुलेही तेच काढतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट राहून जाते. समोरच्या वस्तूकडे नीट पाहून तिच्यातील महत्त्वाचे काय, हे मुलाने स्वतः ठरविणे, ती ही गोष्ट होय.

ही उणीव भरून काढण्यास उपयोगी पडेल असा एक सोपा आणि अल्पखर्चाचा पाठ प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. त्यास चौकटीची गणिताची वही आणि चार रंगीत खडू एवढेच साहित्य लागते. संगणकाच्या पडद्यावर ज्यास ‘पिक्सेल-चित्र’ म्हणतात, त्याच पद्धतीने घरातील व शाळेतील लहानसहान सामान, म्हणजे खुर्ची, पेटी, बाज, मांडणी, कपाट यांसारख्या वस्तू, मुलांकडून काढून घ्यावयाच्या, असे या पाठाचे स्वरूप आहे.

पिक्सेल म्हणजे काय

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील कोणतेही चित्र पुष्कळ मोठे करून पाहिले असता ते लहान लहान चौकोनांचे बनलेले आहे असे दिसून येते. असा प्रत्येक चौकोन एका वेळी एकच रंग दाखवितो. त्या चौकोनास पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेतील रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राच्या साहाय्याने संगणकात उतरविले. ते चित्र आडवे १७६ व उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ चौकोनांचे होते. पुढे अशा चौकोनांतून हेतुपुरस्सर एकेक चौकट भरून चित्रे काढण्याची एक स्वतंत्र कला निर्माण झाली. १९८२ साली अ‍ॅडेल गोल्डबर्ग व रॉबर्ट फ्लेगल या दोन संशोधकांनी तिच्यासाठी ‘पिक्सेल आर्ट’ हा शब्द छापून प्रसिद्ध केला.

या कलेचा आणि चौकटीच्या वहीचा संबंध फार जवळचा आहे. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिन्टॉश संगणकाची चिन्हे सूझन केअर या चित्रकर्तीने तयार केली. त्यांची आखणी तिने प्रथम आलेख-कागदाच्या वहीत केली होती. प्रत्येक चिन्हास आडव्या ३२ व उभ्या ३२ चौकटी, आणि रंग दोनच, काळा व पांढरा. एवढ्या साधनांत कागदपत्र, कचऱ्याची टोपली व रंगाचा कुंचला तिने असे दाखविले की संगणक कधी न पाहिलेल्या माणसानेही ते ओळखावे.

आपल्या घरातील भगिनींना यात काही नवल वाटणार नाही. दुसुतीच्या कापडावर धागे मोजून फुलीच्या टाक्याने भरलेला मोर, किंवा चादरीच्या काठावर पायऱ्यापायऱ्यांनी विणलेली वेल, ही याच जातीची कामे होत. मोजलेल्या घरांतून आकृती उभी करण्याची दृष्टी आपल्याकडे पूर्वापार आहे.

रंग मोजकेच का

आजचे संगणक लक्षावधी रंग दाखवू शकतात. मग चारच रंगांचे बंधन कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. प्रारंभी हे बंधन यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीमुळे आले. चार रंगांपैकी कोणता, हे सांगण्यास प्रत्येक चौकटीमागे दोन बिट पुरतात. १६ × १६ म्हणजे २५६ चौकटींच्या चित्रास ५१२ बिट, अर्थात ६४ बाइट लागतात. तेच चित्र आजच्या नेहमीच्या पद्धतीने, दर चौकटीस तीन बाइट देऊन साठविले, तर ७६८ बाइट, म्हणजे बारा पट जागा लागते. १९८९ साली निघालेल्या ‘गेम बॉय’ या हातातील खेळाच्या यंत्राचा पडदा आडवा १६० व उभा १४४ पिक्सेलांचा होता आणि त्यावर एकाच रंगाच्या चार छटा दिसत. त्या चार छटांत घरे, झाडे, टेबले, पलंग असे संपूर्ण गाव चित्रकारांनी उभे केले.

आज ती अडचण उरलेली नाही. तरीही अनेक चित्रकार आपण होऊन हे बंधन पत्करतात. त्याचे कारण असे की, रंग मोजके असले म्हणजे प्रत्येक रंगाला काम नेमून द्यावे लागते. लाकडावरील उजेड दाखविणारा पिवळा पितळेच्या तांब्यालाही वापरावा लागतो आणि कंदिलाच्या ज्योतीलाही. त्यामुळे निरनिराळ्या वस्तू एकाच घरातल्या वाटू लागतात. मुलांच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे. बारा खडूंची पेटी पुढे असली की मूल बाराही रंग लावून मोकळे होते. चारच खडू हाती दिले की ते विचार करू लागते.

पाठ पहिला : खुर्ची

वहीत १६ आडव्या ओळी व १६ उभे स्तंभ मोजून चौरस आखून घ्यावा. स्तंभ डावीकडून व ओळी वरून मोजाव्यात. काळा, तपकिरी, पिवळा व निळा असे चार खडू ठेवावेत. पूर्वतयारी म्हणून शिक्षकाने पुढील खुर्ची स्वतः काढून पाहावी. खुर्ची एका बाजूने पाहिलेली आहे, असे समजावे.

खुर्चीची पाठ : स्तंभ ४ व ५, ओळ २ ते ८. चौकटी १४.
बैठक : स्तंभ ४ ते १२, ओळ ९ व १०. चौकटी १८.
मागचा पाय : स्तंभ ४ व ५, ओळ ११ ते १५. चौकटी १०.
पुढचा पाय : स्तंभ ११ व १२, ओळ ११ ते १५. चौकटी १०.

एकूण ५२ चौकटी झाल्या. २५६ पैकी २०४ चौकटी अद्याप मोकळ्याच आहेत, तरीही खुर्ची ओळखू येते.

आता उजेड डावीकडून व वरून येत आहे असे मानावे. पाठीचा चौथा स्तंभ आणि बैठकीची नववी ओळ यांवर उजेड पडतो. तेथे पिवळा भरावा. या चौकटी ७ व ९ मिळून १६ होतात. पाठीचा पाचवा स्तंभ, बैठकीची दहावी ओळ आणि दोन्ही पायांचा डावीकडचा स्तंभ तपकिरी करावा. पायांचा उजवीकडचा स्तंभ काळा करावा. शिवाय बैठकीच्या लगेच खाली सावली असते, म्हणून अकराव्या ओळीत पायांच्या सर्व चौकटी काळ्या ठेवाव्यात. अशा रीतीने पिवळ्या १६, तपकिरी २४ व काळ्या १२ मिळून ५२ चौकटी भरतात. उरलेल्या २०४ चौकटींत भिंतीचा निळा रंग भरला की चार रंगांत चित्र पुरे झाले. बेरीज, गुणाकार व क्षेत्रफळ यांचा सराव येथे सहजगत्या होतो, हे सुज्ञ शिक्षकांच्या ध्यानात आलेच असेल.

खरा पाठ मात्र यापुढे आहे. पाठीच्या १४ चौकटी झाकून ‘आता हे काय राहिले?’ असे मुलांना विचारावे. उरलेल्या ३८ चौकटींचे स्टूल झालेले असते. आता पाठ पुन्हा उघडी करून सहाव्या ओळीत स्तंभ ६ ते ११ आणि अकराव्या स्तंभात ओळ ७ व ८ भरावी. आठच चौकटी वाढल्या आणि साधी खुर्ची हाताची खुर्ची झाली. खुर्चीला खुर्चीपण कशामुळे येते, हे व्याख्या न सांगता मुलास डोळ्यांनी समजते.

तिरपी रेषा व गोलाई

चौकटींतून आडवी व उभी रेषा सरळ येते. तिरपी रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते. या पायऱ्या सारख्या ठेवणे हीच तिची शिस्त होय. दोन चौकटी आडव्या गेल्यावर एक चौकट खाली, पुन्हा दोन आडव्या व एक खाली, असा क्रम राखला म्हणजे रेषा डोळ्यांस सरळ भासते. एकदा दोन, एकदा एक, एकदा तीन असे केल्यास तीच रेषा मोडल्यासारखी दिसते. दोनास एक या प्रमाणातील रेषेचा आडव्या रेषेशी सुमारे साडेसव्वीस अंशांचा कोन होतो. कोपऱ्याकडून पाहिलेले टेबल, पेटी, पलंग दाखविण्यास पिक्सेल-चित्रकार बहुधा हेच प्रमाण वापरतात.

गोल आकारासाठी पायऱ्यांची लांबी क्रमाने बदलावी. उदाहरणार्थ, चार, मग दोन, मग एक, पुन्हा एक. कमी होत आलेली पायरी मध्येच वाढली तर तेथे टेंगूळ आल्यासारखे दिसते. पाळण्याचा कमानदार खालचा भाग काढताना मुलांना हा नियम स्वतः शोधू द्यावा. चुकलेली गोलाई दुरून पाहिली की मूल आपण होऊनच कोणती चौकट खटकते ते सांगते.

आपल्या घरातील वस्तू

खुर्चीनंतर मुलांना त्यांच्या परिचयाच्या वस्तू काढावयास सांगावे. वस्तूंची लक्षणे हुडकण्याचे काम येथे फार रंजक होते. त्याचे काही नमुने पुढे देत आहे.

बाज : बाजूने पाहिली असता बाज आणि टेबल यांत फरक कोणता? मुले नीट पाहतील तर त्यांना आढळेल की बाज ठेंगणी असते, तिच्या पायांची डोकी आडव्या लाकडांच्या वर आलेली असतात आणि दोरी मध्यभागी किंचित झोळ खाते. या तीन गोष्टी दाखविल्या की टेबलाची बाज होते. वरून पाहिलेली वीण दाखवावयाची असल्यास एकाआड एक चौकट तपकिरी व पिवळी करावी. दुरून हे दोन रंग मिसळून तिसरा फिकट तपकिरी रंग असल्याचा भास होतो. खडूंची संख्या न वाढविता रंगांची संख्या वाढविण्याची ही युक्ती पिक्सेल-चित्रकार नेहमी योजतात.

पत्र्याची पेटी : निव्वळ निळा आयत म्हणजे पेटी नव्हे. झाकणाची काळी रेषा वरून तिसऱ्या भागावर येते आणि कडीच्या जागी एकच पिवळी चौकट चमकते. त्या एका चौकटीने पेटीला कुलूप लागते. निळ्या पेटीमागे भिंत निळी ठेवली तर पेटी भिंतीत हरवेल. तेथे पिवळी भिंत घ्यावी. पार्श्वभूमीचा रंग वस्तू पाहूनच ठरवावा.

कपाट व दार : दोन्ही उभे आयतच. पण कपाटाला खाली आखूड पाय असतात व जमिनीशी फट दिसते. मध्यावर दोन दारांची रेषा असते आणि तिच्या लगत मूठ.

मांडणी : ताट गोल असते म्हणून मुले मांडणीत गोल काढू पाहतात आणि जागा पुरत नाही. मांडणीकडे खरोखर पाहिले तर कडेने उभी लावलेली ताटे बाजूने अरुंद उभ्या पट्ट्यांसारखी दिसतात. मुलास जे ठाऊक आहे ते आणि त्यास जे दिसते ते, यांतील भेद या वस्तूइतका स्पष्टपणे क्वचितच दुसरी वस्तू दाखवील.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना पद्धतीविषयी आहे. या पाठाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक विपर्यास असा की, शिक्षकाने चौकटींची तयार यादी फळ्यावर लिहावी व मुलांनी आकडे पाहून रंग भरावेत. वर दिलेली खुर्चीची यादी शिक्षकासाठी आहे. फार तर पहिल्या दिवशी ओळी व स्तंभ समजावून देण्यासाठी ती एकदाच वापरावी. सर्व वह्यांत एकसारखी सुबक खुर्ची पाहून पाहुण्यांस समाधान वाटेल, परंतु त्या वर्गात पाहिले कोणीच नसेल. चाळीस वह्यांत चाळीस वेगळ्या खुर्च्या असणे, त्यांतील काही लंगड्या असणे, हेच पाठ साधल्याचे लक्षण समजावे.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. ‘घरातील सामान’ हा विषय मुलाच्या घराचे दार वर्गात उघडतो. आपल्या शाळांत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी खुर्ची नसते. ऊसतोडणीला आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाच्या कोपीत एक पेटी, चूल आणि धाकट्या भावंडासाठी लुगड्याची बांधलेली झोळी एवढेच सामान असेल. अशा मुलाने सोफा काढावा, ही अपेक्षा शिक्षकाच्या बोलण्यातून चुकूनही व्यक्त होता कामा नये. म्हणून वस्तूची निवड मुलावर सोपवावी. शाळेतील बाक, घंटा टांगलेला खांब, अंगणवाडीतील पाळणा हेही विषय खुले ठेवावेत. आणि कोणाच्या घरी काय आहे याची वर्गात मोजदाद करू नये. झोळी काढणाऱ्या मुलाचे चित्र भिंतीवर लागले, तिच्या दोन दोऱ्यांचा ताण आणि खालचा भार त्याने किती अचूक टिपला हे शिक्षकाने चार शब्दांत सांगितले, म्हणजे त्या मुलास जे मिळते ते गुणपत्रकात मावणारे नाही. पाठ्यपुस्तकातील चित्रांत आपले घर सापडत नाही म्हणून आपले घर चित्रास अयोग्य आहे, अशी समजूत कित्येक मुले मूकपणे बाळगून असतात. ती समजूत या पाठाने सैल व्हावी.

इयत्तावार योजना व सामुदायिक चित्र

पहिली-दुसरीसाठी ८ × ८ चौकटी व दोन रंग पुरेसे आहेत. पाट, चौरंग, स्टूल अशा वस्तू त्यात बसतात. तिसरी-चौथीसाठी १६ × १६ व चार रंग घ्यावेत. पाचवीपासून पुढे तिरपी रेषा, एकाआड एक रंगांची युक्ती व कोपऱ्याकडून दिसणारे सामान घ्यावयास हरकत नाही.

वर्गात ३० मुले असल्यास एक सेंटिमीटरच्या चौकटी आखलेल्या कागदांवर ३० चित्रे करवून घ्यावीत. सहा रांगेत व पाच रांगा अशी ती जोडल्यास ९६ सेंटिमीटर रुंद व ८० सेंटिमीटर उंच असे भित्तिचित्र तयार होते. तीस वेगवेगळ्या हातांची कामे असूनही चार रंग समाईक असल्यामुळे ते गोधडीसारखे एकजीव दिसते.

संगणक असल्यास

शाळेत संगणक असल्यास कागदावरचे चित्र त्यावर उतरवावे. परंतु कागदाचा टप्पा गाळू नये. पेंटसारख्या साध्या आज्ञावलीत चित्राचा आकार १६ × १६ पिक्सेल ठेवून दृश्य मोठे करावे व जाळीच्या रेषा दाखवाव्यात. पिस्केल हे खास पिक्सेल-चित्रांचे साधनही विनामूल्य मिळते. चित्र पीएनजी या प्रकारात जतन करावे. जेपीजी प्रकारात चौकटींच्या कडांशी नको असलेल्या मधल्या छटा शिरतात. चित्र मोठे करावयाचे असल्यास दुप्पट, तिप्पट, चौपट असे पूर्ण पटीतच करावे. दीडपट केल्यास चौकटी लहानमोठ्या होतात किंवा पुसट दिसू लागतात.

मूल्यमापन

चित्र सुबक की ओबडधोबड यावर गुण देऊ नयेत. पुढील चार प्रश्न विचारावेत. दहा फुटांवरून वस्तू ओळखू येते काय? डोळे किलकिले करून पाहिल्यास उजेड व सावली वेगळी कळते काय? एखादी चौकट काढून टाकली तरी काही बिघडत नाही अशी आहे काय? आणि, हीच चौकट येथे का भरली, याचे कारण मूल सांगू शकते काय? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. ‘इथे ऊन पडतं’, ‘आमच्या पेटीला इथे पोचा आलाय’ असे उत्तर मुलाने दिले की पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सांगड इतर विषयांशी घालण्यावर भर दिलेला आहे. ही सांगड घोषणांनी साधत नाही. ती एखाद्या साध्या पाठातून, एका तासात, फळ्यासमोर घातली जाते. चौकटीची वही प्रत्येक दप्तरात आहे. चार खडू वर्गात मिळतील. शिक्षकबंधुभगिनींनी येत्या महिन्यात एक तास या पाठास द्यावा, आणि त्या तासाला स्वतः कमी बोलून मुलांना अधिक पाहू द्यावे, अशी विनंती आहे.